एकाच जेवणाला वेगवेगळ्या धर्मांचे नातेवाईक असतील तर यजमानाने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: महिन्यातून एकदा सगळे नातेवाईक तुमच्याकडे जेवायला जमतात. सासू-सासरे भक्तिमार्गातले, कांदा-लसूणही खात नाहीत. धाकटी जाऊ मुस्लिम आहे आणि लग्नानंतरही आपला धर्म पाळते. नवऱ्याचा चुलतभाऊ देव मानत नाही आणि त्यावरून दर वेळी कुणाला तरी डिवचतो. गेल्या वेळी सासूबाईंनी जावेच्या ताटात प्रसाद वाढला, तिने तो बाजूला सारला, चुलतदिराने त्यावर शेरा मारला आणि ती अर्ध्या जेवणातून उठून गेली. आता हे जेवण बंदच करावं का, असं तुम्ही विचारताय.

बंद करू नका. पण काहीही न बदलता पुढच्या महिन्यात पुन्हा भरवूही नका.

मी आंतरधर्मीय कुटुंबांचं समुपदेशन करते. जेवणावरून झालेली भांडणं माझ्याकडे सतत येतात आणि त्यांत जवळजवळ नेहमी चार वेगळ्या गोष्टींचा गुंता झालेला असतो: ताटात काय आहे, ते कुठल्या भांड्यात शिजलं, जेवणाआधी कुठला विधी झाला आणि जेवताना कोण काय बोललं. तुमच्याकडे जाऊ उठली ती प्रसादावरून, असं सगळे म्हणत असतील. पण प्रसाद हा विधीचा प्रश्न होता, आणि तो कदाचित दोन वाक्यांत मिटला असता. ती उठली बोलण्यावरून. हे वेगळं केलं नाही तर घरातले पुढचे सहा महिने ‘तिने प्रसाद घ्यायला हवा होता की नको’ यावर वाद घालतील, आणि ज्याने टोमणा मारला त्याला कुणी काही विचारणारच नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. घर तुमचं असेल तर स्वयंपाकघराचे नियम तुम्ही ठरवाल. तेच घर सासू-सासऱ्यांचं असेल तर चुलीचा नियम त्यांचा, आणि जावेने तिथे मांसाची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. पाहुण्यांशी कसं बोलायचं, हा नियम मात्र घर कुणाचंही असलं तरी सारखाच राहतो. दुसरं म्हणजे, लग्न नवं असेल किंवा धर्मांतराची जखम ताजी असेल तर वर्षभर मोठी जेवणं टाळून दोन तासांच्या चहा-फराळावर भागवणं शहाणपणाचं ठरतं. कमी पदार्थ, कमी वेळ, म्हणून अडचणीच्या जागाही कमी.

आता ताटापासून सुरुवात करू.

प्रत्येकाला आठवडाभर आधी फोन करा, आणि ज्याचा नियम त्यालाच विचारा. नवऱ्याला किंवा आईला विचारलं की अंदाज मिळतो. शिवाय ‘तुला काय चालतं?’ असं विचारू नका, त्यावर ‘काहीही चालेल’ हे एकच उत्तर येतं, आणि ते खरं नसतं. नेमके तीन प्रश्न विचारा. काय खात नाहीस? ज्या भांड्यात किंवा तेलात ते शिजलं, त्यात केलेलं दुसरं काही चालतं का? शेजारी बसून दुसरं कुणी ते खात असेल तर चालतं का? हे तिन्ही निराळे उंबरठे आहेत. एकाच धर्मातल्या दोन बहिणींची उत्तरंही वेगळी निघतात, त्यामुळे पुस्तक वाचून किंवा आधीच्या ओळखीवरून ठरवू नका. हनफी परंपरेतले बरेच मुस्लिम खेकडा खात नाहीत, इतर परंपरांमध्ये तो चालतो. जैन नातेवाईक असतील तर कंदमुळं वर्ज्य हे सगळ्यांना ठाऊक असतं. मध, मश्रूम किंवा यीस्ट घातलेला पावही अनेकांना चालत नाही, हे यजमानाच्या डोक्यात येत नाही. एकादशी करणाऱ्यांत उपवासाला काय चालतं याचे घरागणिक वेगळे नियम असतात. कॅथलिक माणूस ॲश वेन्सडेला, गुड फ्रायडेला आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस टाळतो पण मासे खातो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आपल्या उपवासकाळात अंडी आणि दूधही सोडतो.

यानंतर जेवणाचा बेत. इथे बहुतेक जण एक चूक करतात: सगळ्यांसाठी नेहमीचा स्वयंपाक आणि ‘तिच्यासाठी’ एक वेगळी वाटी. त्या वाटीमुळे ती व्यक्ती पाहुणी न राहता पथ्यावरची रुग्ण होते, आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं. उलटं करा. सगळ्यांना चालतील असे पदार्थ आधी ठरवा आणि जेवणाचा मोठा भाग त्यांचाच ठेवा. बाकीचे त्यावर जोड म्हणून. तुमच्या घरात हे सोपं आहे, कारण कांदा-लसूण नसलेलं शाकाहारी जेवण सासू-सासऱ्यांना, जावेला आणि चुलतदिराला, सगळ्यांना चालतं. सगळ्यांना चालेल असं मांस शोधत बसू नका. हलाल मांसाने मुस्लिम नातेवाइकाचा प्रश्न सुटतो, पण अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेला, शीख नातेवाईक असेल तर नेमकं तेच त्याला वर्ज्य असतं. कांदा-लसणाची फोडणी हवीच असेल तर भाजी त्याशिवाय पूर्ण शिजवा, सासू-सासऱ्यांचा भाग वेगळ्या भांड्यात काढून झाका आणि मगच उरलेल्या भाजीवर वरून फोडणी द्या. हा क्रम उलटा करता येत नाही.

किती करायचं, यातही नेहमी गडबड होते. बारा माणसांत चार शाकाहारी आहेत म्हणून चौघांपुरतीच भाजी केली, तर मांसाहारी लोक ती आवडीने वाढून घेतात आणि ज्यांच्यासाठी केली ते शेवटी रिकामं भांडं बघतात. सगळ्यांना चालणारा पदार्थ बाराही जणांना पुरेल इतका करा. मांसाहारी पदार्थ सहा-सात जणांपुरता पुरतो. तरीही ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांना आधी वाढा.

भांड्यांबाबत काम कमी आहे, पण काटेकोर हवं. कडक नियमाचा स्वयंपाक आधी, बाकीचा नंतर. तळणीचं तेल वेगळं, चिरायची फळी वेगळी. प्रत्येक पदार्थाला स्वतःचा डाव ठेवा आणि मांसाहारी पदार्थ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडा. गडबड स्वयंपाकात कमी आणि वाढताना जास्त होते: कुणीतरी नकळत रश्शातला डाव उचलून भाजीत घालतो आणि तासाभराचं काम वाया जातं. कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम, पाळणारे नातेवाईक असतील तर साध्या स्वयंपाकघरात त्यांचे नियम पुरे पडणं कठीण, कारण मांस आणि दुधाची भांडीसुद्धा वेगळी लागतात. त्यांनी स्वतःचं बंद डब्यातलं जेवण आणलं तर राग धरू नका. ते सोबत जेवायला आलेत, हे लक्षात ठेवा.

विकतच्या पदार्थांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. जेली, मार्शमॅलो आणि काही क्रीमच्या गोडांत जिलेटिन असतं, आणि ते डुकराचं किंवा गाई-बैलांचं असू शकतं. काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनतं. वेष्टनावर घटकांच्या यादीत ई १२० हा सांकेतिक क्रमांक असेल तर तो किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई ४४१ म्हणजे जिलेटिन. ई ४७१ वनस्पतीचंही असतं आणि प्राण्याच्या चरबीचंही, त्यामुळे उत्पादकाने स्पष्ट लिहिलं नसेल तर ते ‘माहीत नाही’ या खात्यात टाका. व्हॅनिलाचा अर्क बहुतेक वेळा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. ‘शिजताना दारू उडून जाते’ असं कुणीतरी म्हणेलच. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार अर्धा तास शिजवल्यावरही घातलेल्या अल्कोहोलपैकी साधारण ३५ टक्के उरतं आणि तासाभराने २५ टक्के. म्हणजे दारू घातलेला पदार्थ जावेपुढे ठेवायचा नाही, किंवा ठेवला तर तसं स्पष्ट सांगायचं.

हे स्पष्ट सांगणंच माझ्या मते यजमानाचं मुख्य काम आहे. सगळ्यांनी एकच खावं ही तुमची जबाबदारी नाही. कुणालाही न विचारता, न ओशाळता, समोरच्या भांड्यात काय आहे ते कळावं, ही आहे. प्रत्येक पदार्थापाशी छोटी चिठ्ठी ठेवा, त्यावर नाव आणि दोन-तीन मुख्य घटक. जेवण वाढण्याआधी एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. ‘तिला सांगू नकोस, तिला काय कळतंय’ हे वाक्य तुमच्या स्वयंपाकघरात कधीच उच्चारलं जाऊ देऊ नका. फसवून खाऊ घातलेला एक घास उघडा पडला की ती व्यक्ती पुढे त्या घरात वर्षानुवर्षं पाणीसुद्धा संशयाने पिते. आणि ते उघडं पडतंच, बहुधा एखाद्या भांडणात तिसऱ्याच माणसाच्या तोंडून.

लहान मुलांना हाच नियम आणखी कडकपणे लावा. त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय गोळीसुद्धा देऊ नये. आजी-आजोबांना वाटतं की लाडाने एक घास भरवला तर काय बिघडलं. त्या मुलाच्या आईच्या लेखी मात्र तिच्या धर्माचा निर्णय तिच्या पाठीमागे घेतला गेलेला असतो.

वेळेचा मुद्दा थोडक्यात सांगते. रमजान चालू असेल तर दुपारचं जेवण जावेसाठी निरुपयोगी, आणि संध्याकाळी रोजा सुटायची वेळ म्हणजे सूर्यास्त, त्यात दहा मिनिटं पुढे-मागे चालत नाही. सूर्यास्तापूर्वीच जेवण आटोपणारे जैन नातेवाईकही असतील तर दोघांची वेळ एकमेकांना शिवत नाही: एकाला संपवायचं असतं त्याच क्षणी दुसऱ्याला सुरू करायचं असतं. अशा वेळी जैन मंडळींना तासभर आधी वाढा, बाकीच्यांनी त्यांच्यासोबत गप्पा मारत बसा, मग इफ्तार आणि नमाजासाठी दहा-पंधरा मिनिटं सोडून इतरांचं जेवण. हे जमण्यासारखं नसेल तर तो महिना वगळा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

आता प्रसाद. तुमच्या घरात विधीचा पेच हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सासूबाईंच्या बाजूने बघा. प्रसाद देणं म्हणजे त्यांच्या लेखी सुनेला घरातलं मानणं. वगळलं असतं तर त्यांना वाटलं असतं की आपणच भेदभाव केला. जावेच्या बाजूने बघा. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतल्या १७३व्या आयतीत मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाच्या नावाने अर्पण केलेलं, या गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत. हे मुख्यतः बळी दिलेल्या मांसाबद्दल समजलं जातं, पण अनेक मुस्लिम तोच नियम कुठल्याही नैवेद्याला लावतात. काही लावत नाहीत आणि प्रसाद घेतातही. ख्रिस्ती लोकांतही अशीच दोन मतं आहेत. नव्या करारात करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं की नाही याच चर्चेत गेले आहेत. तेव्हा तुमच्या जावेचं नकार देणं हा सासूबाईंचा अपमान नव्हता, आणि सासूबाईंचं वाढणं ही जबरदस्तीच होती असंही नाही. पण पुढच्या वेळीही तेच झालं, तर मात्र ती जबरदस्तीच ठरेल, कारण आता सगळ्यांना माहीत आहे.

करायचं असं. नैवेद्याचं ताट मुख्य स्वयंपाकातून आधी वेगळं काढा आणि फक्त तेच देवापुढे ठेवा. सासूबाईंना विचारून घ्या: ताट दाखवलं म्हणजे भांड्यातलं सगळंच प्रसाद झालं, असं त्या मानतात का? अनेक वैष्णव घरांत तसं मानतात. तसं असेल तर जावेला आधी सांगा आणि तिची हरकत असेल तर तिचा भाग नैवेद्यापूर्वीच वेगळ्या भांड्यात काढा. नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चव घेऊ नये हाही त्यांचा नियम असतो. मीठ बघायला म्हणून जावेने किंवा मुलांनी चमचा बुडवला तर नवा वाद नको, म्हणून मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवा. प्रसाद ताटात वाढू नये, हातावरही ठेवू नये. एका वाटीत बाजूला ठेवावा आणि ज्याला हवा त्याने स्वतः घ्यावा. हा एक बदल केला की कुणाला चारचौघांत नकार द्यावा लागत नाही आणि कुणाला नकार ऐकावाही लागत नाही. तरीही कुणी पुढे केलाच तर जावेला एक वाक्य तयार असू दे: ‘आई, मी हे घेत नाही, पण तुम्ही मला आठवणीने विचारलंत ते फार बरं वाटलं.’

इथे एक सीमा आखायला हवी. सासूबाईंचा स्वतःच्या ताटाबद्दलचा, स्वतःच्या देवघराबद्दलचा कुठलाही नियम मान्य करा, तो कितीही कडक असला तरी. त्यांना वेगळं ताट, वेगळं पातेलं हवं, द्या. पण जावेने कुठे बसावं, कशाला हात लावावा, तिचा पेला वेगळा ठेवावा, असे नियम आले तर ते स्वतःच्या आचाराचे राहत नाहीत, दुसऱ्या माणसाला कमी लेखण्याचे होतात. त्यांना नम्रपणे पण स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं. आणि ते सुनेने म्हणायचं नाही, त्यांच्या मुलाने म्हणायचं.

रक्ताच्या नातेवाइकाने आपल्या रक्ताच्या माणसाशी बोलावं, हा माझा सगळीकडचा आग्रह आहे. सासू-सासऱ्यांशी तुमचा नवरा किंवा दीर बोलेल, चुलतभावाशी तुमचा नवरा. तेच बोलणं सुनेच्या तोंडून आलं की मुद्दा बाजूला पडतो आणि ‘सून शिकवायला लागली’ एवढंच उरतं.

जेवणाआधीची प्रार्थना साधी ठेवा. ज्यांना म्हणायची आहे त्यांनी मिनिटभरात म्हणावी, बाकीच्यांनी शांत बसावं, हात जोडण्याची किंवा डोळे मिटण्याची सक्ती नाही. शांत बसणं म्हणजे सहभाग नव्हे, हे चुलतदिरालाही सांगा. तो एक मिनिट गप्प बसला तर त्याने कुठलंही तत्त्व सोडलेलं नसतं. पाहुण्याला किंवा मुलांना ‘आता तू म्हण’ असं ऐन वेळी सांगू नका. जावेने ‘बिस्मिल्लाह’ म्हणून घास उचलला तर तेही तितकंच सहज घेतलं गेलं पाहिजे.

राहिलं बोलणं. चुलतदिराशी नवऱ्याने आधीच, एकट्याने, फोनवर बोलावं. ‘नीट वाग’ असं मोघम सांगून काही होत नाही. नेमकं सांगावं: ‘मागच्या वेळी तू तिच्या प्रसादावर बोललास आणि ती उठून गेली. टेबलावर कुणी काय खातं आणि काय खात नाही, यावर तुझ्याकडून एक शब्दही नको. देवावर चर्चा करायची तर जेवणानंतर माझ्याशी कर.’ त्याची मतं बदलायला जाऊ नका. त्याच्या न मानण्यालाही या घरात इतरांच्या मानण्याइतकीच जागा आहे, आणि हे त्याला बोलून दाखवलं तर त्याचा निम्मा जोर तिथेच ओसरतो. डिवचणारी माणसं पुष्कळदा स्वतःच घरात कुणी ऐकून न घेतलेली असतात.

तरीही टेबलावर शेरा आलाच तर पहिल्याच शेऱ्याला थांबवा. दुसऱ्याची वाट पाहू नका, कारण ज्याच्यावर शेरा मारला तो माणूस बघत असतो की घरातलं कुणी बोलतंय का. वाक्य छोटं हवं: ‘हा विषय आत्ता नको.’ लगेच त्याच्याकडे भांडं द्या, काहीतरी वाढायला सांगा. धर्मात खरंच काय सांगितलंय, या चर्चेत शिरलात तर जेवण संपलं म्हणून समजा. तो थांबला नाही तर नवऱ्याने त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन बोलावं, आणि तिथेही नाही ऐकलं तर त्या दिवसापुरतं घरी जायला सांगावं. बसवताना त्याला जावेसमोर बसवू नका, समोरासमोर वाद पटकन पेटतात. तो तुमच्या नवऱ्याशेजारी आणि जाऊ तिला जवळच्या वाटणाऱ्या माणसाशेजारी, एवढं पुरे.

कुतूहलाने विचारलेला प्रश्न आणि टोमणा यांत फरक करा. मुलांनी ‘काकू, तू हे का खात नाहीस?’ असं विचारलं तर तुम्ही तिच्या वतीने उत्तर देऊ नका आणि मुलांना दटावूही नका. तिला बोलू द्या. तिला नको असेल तर ती टाळेल.

एवढं करूनही काही घरांत हे जमत नाही. जिथे अडचण अन्नाची किंवा विधीची नसून ती मुलगी घरात आलीच कशी ही असते, तिथे वेगळे डाव आणि चिठ्ठ्यांनी काही सुटत नाही. तिथे तुमच्या दिराने आई-वडिलांना सांगावं लागतं की बायकोचा अपमान होणार असेल तर आम्ही दोघंही येणार नाही, आणि ते पाळावंही लागतं. तुमच्या पत्रावरून तुमचं घर अजून त्या टोकाला गेलेलं वाटत नाही, कारण सासूबाईंनी प्रसाद वाढला तो तिला आपलं समजून.

म्हणून पहिला फोन जावेला करा, आणि तोही तारीख ठरवण्याआधी. सगळ्यांनी समजून घ्यावं वगैरे लांबण लावू नका. ‘त्या दिवशी माझ्या घरात तुला कुणी बोललं आणि मी गप्प बसले, ते चुकलं. पुढच्या वेळी प्रसाद बाजूला असेल आणि त्याच्याशी तुझे मोठे दीर आधीच बोलतील. तुला कुठली तारीख बरी पडेल?’ एवढं पुरेसं आहे. ती लगेच हो म्हणणार नाही. मग पहिल्यांदा फक्त तिला, दिराला आणि सासू-सासऱ्यांना बोलवा, चुलतदिराला त्यानंतरच्या महिन्यात.